शब्बाथशाळेतला भूप

अमेरिकेतील संगीतकार विल्यम ब्रॅडबरी याने १८६२ साली एका साध्या बालगीताला चाल लावली. गीत ॲना वॉर्नर हिचे. ॲना आणि तिची थोरली बहीण सुझन यांनी दोन वर्षांपूर्वी, १८६० मध्ये, ‘से अँड सील’ नावाची कादंबरी लिहिली होती. तिच्यात मरणाला टेकलेल्या एका लहान मुलाला त्याचे शिक्षक एक गाणे म्हणून दाखवतात. येशूचे लहानांवर प्रेम आहे, एवढाच त्या गाण्याचा आशय. ब्रॅडबरीने त्याला ध्रुपद जोडले, चाल दिली, आणि कादंबरी विसरली गेली तरी ‘जीझस लव्ह्ज मी’ जगभर गेले.

त्या चालीत पाचच स्वर आहेत: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद तिला लागतच नाहीत. पेटीवर चार दिवस बोटे फिरवलेल्या कोणाही मराठी माणसाला हे स्वर ओळखीचे वाटतील, कारण भूप याच पाच स्वरांचा. राग म्हणजे नुसती स्वरांची मोजणी नव्हे, हे खरे. पण पाच वर्षांच्या मुलाला रागाशी काय देणेघेणे? सूर लागायला सोपा आहे की अवघड, एवढेच त्याच्या गळ्याला कळते. या चालीत कुठेही कोमल-शुद्धाची चढण नाही, अडखळायला जागा नाही. बोस्टन-न्यूयॉर्ककडून आलेली अनेक भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत परकीच राहिली. हे गीत मात्र मराठीत उतरले आणि मुलांच्या तोंडी बसले. त्याचे निम्मे श्रेय या पाच स्वरांना द्यायला हवे.

गाण्याला चाल लागली त्याच सुमारास सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे उभे राहत होते. मिशनची माणसे मुंबईत १८१३ पासून होती, अहमदनगरला १८३१ पासून. पुण्याहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८६० च्या सुमारास सोलापुरात पोचली आणि नगरकर मिशनऱ्यांना पुढचा रस्ता मोकळा झाला. रेव्हरंड चार्ल्स हार्डिंग हे सोलापूरच्या ठाण्याचे आरंभीचे मिशनरी. गावात मराठीबरोबर कानडी, उर्दू आणि विणकरांच्या पेठांतून तेलुगू कानावर पडे. १८७७ मध्ये कापडाची गिरणी निघाली, जी पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली, आणि खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे शहरात येऊ लागले. अशा गावात मुलांना एकत्र बसवून काही शिकवायचे तर पुस्तकाआधी गाणे लागते, कारण पुस्तक वाचता येणारी मुले मूठभर आणि गाणे ऐकता येणारी सगळीच.

मुलांसाठी ख्रिस्ती गीत लिहायची कल्पना मात्र सोलापुरापेक्षा, अमेरिकेपेक्षाही जुनी. आणि तिची एक सुरुवात आपल्याच किनाऱ्यावर झालेली आहे. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला तेव्हा तो रस्त्यारस्त्यांतून घंटा वाजवत फिरे, मागे मुलांची रांग लागे, आणि त्या मुलांकडून तो धर्माची मूलतत्त्वे सुरावर घोकून घेई. मुले घरी जाऊन तीच आईबापांसमोर म्हणत. पुढे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले. ते मोठ्यांसाठी होते. पण परक्या छंदात सांगितलेली गोष्ट मराठी माणसाच्या मनात रुजणार नाही, हे या इंग्रज जेझुइटाला जे उमगले, ते उमगायला एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना बरीच वर्षे लागली.

इंग्रजीत या प्रकाराचा पाया घातला तो आयझॅक वॉट्स यांनी. १७१५ मध्ये त्यांनी मुलांसाठी सोप्या भाषेतल्या धर्मगीतांचे पुस्तक काढले आणि ज्यांच्या घरी ते राहत त्या सर टॉमस ॲबनी यांच्या मुलींना अर्पण केले. भाषा सोपी, पण आत धाक पुष्कळ: खोटे बोलणाऱ्याचे काय होते, आळशाचे काय होते, नरक कसा असतो. शंभर वर्षे इंग्रज मुले ही गीते पाठ करत राहिली. १७८० मध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्सने कारखान्यांत राबणाऱ्या पोरांसाठी रविवारच्या शाळेला, म्हणजेच शब्बाथशाळेला, हात घातला आणि मुलांच्या गीतांना एक हक्काची जागा मिळाली. मग १८४८ मध्ये आयर्लंडच्या सेसिल फ्रान्सिस हम्फ्रीज, लग्नानंतरच्या मिसेस अलेक्झांडर, यांनी लहानग्यांसाठी गीतसंग्रह काढला. धर्मसिद्धांताचे एकेक कलम घ्यायचे आणि मुलाला डोळ्यांसमोर दिसेल अशा चित्रात ते मांडायचे, ही त्यांची रीत. फूल, पाखरू, डोंगर, गोठ्यातले बाळ. धाक संपला आणि नवल आले.

त्याच संग्रहातल्या एका फार गाजलेल्या गीतात एक कडवे होते: श्रीमंत वाड्यात आणि गरीब त्याच्या फाटकाशी, ही व्यवस्था देवानेच लावली, अशा अर्थाचे. १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’ने ते कडवे गाळले. नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांत बसलेली बहुतेक मुले महार आणि मांग घरांतली होती, हे लक्षात घेतले म्हणजे हे गाळणे किती आवश्यक होते ते कळते. गावकुसाबाहेर राहणाऱ्या मुलाला, तुझी जागा देवानेच ठरवली, असे सांगणारे गाणे मराठीत रुजले असते तर ते पाप ठरले असते. मराठी बालगीतांनी उचलले ते फूल, पाखरू आणि गोठ्यातले बाळ.

मराठीतला आरंभ रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्याकडे जातो. १८३५ मध्ये ते भारतात आले आणि अहमदनगरला तीस वर्षे राबले. १८४२ मध्ये मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले तेव्हा त्याचे पहिले संपादक तेच. शाळा, छापखाना, उपदेश हे सगळे सांभाळून त्यांनी इंग्रजी भजने मराठीत आणली, नवी रचली. १८६५ मध्ये प्रकृती ढासळली म्हणून ते मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. त्यांची मुलगी एलिझाबेथ ही चार्ल्स हार्डिंग यांची पत्नी झाली. बापाने नगरला जे गायन सुरू केले त्याचा धागा असा घरच्याच माणसाच्या हातून सोलापुरापर्यंत आला.

बॅलंटाइन यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजी भजनाचा ताल आघातावर चालतो. एक अक्षर दाबून, एक सोडून. मराठीत असा आघात नाही. आपला छंद अक्षरांवर किंवा लघु-गुरूच्या मात्रांवर उभा राहतो. त्यामुळे विलायती चालीत मराठी शब्द बसवले की नको त्या अक्षरावर जोर पडतो, ऱ्हस्व ताणावे लागते, दीर्घ आखडावे लागते. मोठी माणसे श्रद्धेपोटी ते सोसतात. मूल सोसत नाही. ते शब्द सोडून देते आणि नुसता सूर धरून ‘ला ला’ करत राहते. शब्बाथशाळेत शिकवलेल्या कोणाही बाईला हा अनुभव आहे.

यावर उतारा शोधला तो मराठी माणसांनी. १८६० च्या दशकात नगरला ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे त्यातले ठळक नाव. शिक्षक, कवी आणि कीर्तनकार. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी, साकी, दिंडी, आर्या, पदे, हाती झांजा-चिपळ्या, मागे मृदंग, आणि आख्यान बायबलमधले. दाविद आणि गल्याथाची गोष्ट, उधळ्या पुत्राची गोष्ट. कीर्तनाला पुढे बसायचा मान गावोगाव मुलांचाच. त्यांच्यासाठी म्हणून ही पदे लिहिलेली नव्हती, पण ती प्रथम त्यांनाच पाठ झाली. मांगवाड्यातली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या हलगी-सनईची; महारवाड्यात चोखोबाचे अभंग नांदलेले. त्या घरांतल्या मुलांच्या अंगात ताल आधीपासूनच होता. त्यांना गायला शिकवायची गरज नव्हती, त्यांच्या ठेक्यात बसेल असे गाणे हाती द्यायची गरज होती.

१८७३ मध्ये मिशनने मुलांसाठी स्वतंत्र मासिक काढले: ‘बालबोधमेवा’. मराठी बालवाङ्‌मयाच्या इतिहासात विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’चा उल्लेख आदराने होतो आणि तो व्हायलाच हवा, पण ‘बालबोध’ १८८१ चे, ‘बालबोधमेवा’ त्याच्या आठ वर्षे आधीचा, आणि पुढे कित्येक दशके तो निघत राहिला. गोष्टी, चित्रे, निसर्गाची माहिती आणि कविता असा हा मेवा होता. गीतपुस्तक चर्चमध्ये राही, मासिक घरात येई. आईच्या मांडीवर बसून चित्र पाहता पाहता मूल कविता ऐके, आणि तीच कविता रविवारी सुरावर म्हटली जाई. बालगीताला घर मिळाले ते या मासिकामुळे.

याच काळात रविवारच्या शाळांची बांधणीही नीट होऊ लागली. १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. गाणे शिकवायच्या पद्धतीही आल्या. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन या तरुण पाळकाला १८४१ मध्ये हल येथील शब्बाथशाळा शिक्षकांच्या परिषदेने एक काम सोपवले होते: मुलांना गायन शिकवायची सोपी रीत शोधून काढा. त्यातून टॉनिक सोल-फा पद्धत घडली, जिच्यात रेघांवरच्या ठिपक्यांऐवजी डो-रे-मी ही अक्षरेच लिहितात. सारेगमवर वाढलेल्या आपल्या लोकांना ही रीत जवळची वाटणे स्वाभाविकच होते.

मग दुष्काळ आला. १८७६-७८ चा आला तेव्हा सोलापूर जिल्हा होरपळला होताच. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० हे दोन दुष्काळ पाठोपाठ आले तेव्हा माणसांत उभे राहायचे त्राण उरले नव्हते. आईबाप गेलेली, टाकून दिलेली, रस्त्याकडेला सापडलेली मुले मिशनच्या आवारात जमा होऊ लागली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने हिंदुस्थानातल्या अनाथ मुलांसाठी आपल्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली. सोलापुरात रेव्हरंड लॉरिन गेट्स १८७० च्या दशकापासून होते. मुलींची वोरोनोको शाळा मिस एस्थर फाउलर यांच्याकडे होती. वोरोनोको हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका गावाचे नाव. ते उच्चारताना सोलापूरकरांची जीभ किती वळली असेल कोण जाणे, पण शाळेची ओळख त्याच नावाने झाली.

या मुलांसाठी गाणे ही शोभेची गोष्ट नव्हती. भाकरीपाठोपाठ दिवसाला आकार देणारी दुसरी गोष्ट तीच होती. सकाळी उठल्यावर प्रार्थना आणि गीत, जेवणाआधी गीत, रात्री निजण्याआधी गीत. ज्याला आईचा चेहरा आठवत नाही अशा पोराला देव बापासारखा आहे, आईसारखा आहे, हे गद्यात सांगून काय कळणार? ते त्याने शेजारच्या मुलाच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायचे असते. याच वसतिगृहांतून पुढे शिक्षिका, पाळक, परिचारिका, पाळकांच्या बायका निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर ही गाणी बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटाकडच्या खेड्यांपर्यंत गेली. गीतांचा प्रसार मिशनऱ्यांनी केला असे आपण सहज म्हणून जातो. खरा प्रसार या मुलींनी केला.

अशा वेळी मराठी ख्रिस्ती गीताला त्याचा कवी भेटला. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि ते नगरला मिशनच्या कामात आले. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख मराठी वाचकाला निराळी सांगायला नको. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत, आणि त्यांची गीतेही त्याच वाटेने चालली. अभंग, ओवी, पद, भजन. ख्रिस्त त्यांना गुरुमाउली. संतांनी विठ्ठलाला ज्या लडिवाळपणे आई म्हटले तोच लडिवाळपणा टिळकांच्या गीतांत येतो, आणि म्हणून ती मोठ्यांसाठी लिहिलेली असली तरी मुलांच्याही तोंडी बसतात. बॅलंटाइन यांच्या पिढीला जे साधायला अतोनात कष्ट पडले, ते टिळकांना जन्मतःच अवगत होते: मराठीच्या नैसर्गिक लयीत बोलणे.

टिळकांच्या घरी मुले नव्हती असा दिवस नसेल. स्वतःची दोन, दत्तू आणि तारा. त्यांच्याशिवाय सांभाळायला घेतलेली, शिकायला ठेवलेली, दुष्काळात आलेली. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली. पुढे टिळकांनी त्याला आपल्या घरी नगरला आणले. तो बालकवी. घरातला हा सगळा गोंगाट कसा होता, कोण रुसले, कोण जेवले नाही, कोणासाठी रात्र जागून काढली, ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. टिळक घरात आणखी कोणाला घेऊन येतील याचा नेम नसे आणि लक्ष्मीबाई प्रत्येकाच्या पानात काही ना काही वाढत. मुलांवर कविता लिहिणारे कवी पुष्कळ. मुलांच्या गराड्यात बसून लिहिणारे थोडे. टिळकांच्या बालकवितेत जे खरेपण आहे ते लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातून आले आहे, असे म्हटले तर ते दोघांनाही मान्य झाले असते.

१९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले तोवर त्यांनी शेकड्यांनी गीते लिहिली होती. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाचा तर ते कणाच झाले. निकोल मॅक्‌निकोल हे स्कॉटिश मिशनरी. मॅक्‌निकोल यांनी टिळकांची काही गीते इंग्रजीत नेली आणि ती तिकडच्या गीतपुस्तकांत छापली गेली. शंभर वर्षे गाणी एकाच दिशेने येत होती. आता नगरचे गाणे एडिंबरोत म्हटले जाऊ लागले. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, यांनी ‘ज्ञानोदय’ आणि ‘बालबोधमेवा’ यांची परंपरा पुढे नेली.

टिळकांनी गीताला मराठी वाणी दिली. हातपाय मात्र त्याला सोलापुरात फुटले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिस मेरी बी. हार्डिंग यांनी सोलापुरात किंडरगार्टन चालवले आणि त्याच्या जोडीने शिक्षिका तयार करण्याचा वर्ग काढला. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये पहिली अशी शाळा काढली होती. त्याचे म्हणणे असे की लहान मूल बसून शिकत नाही, ते खेळत शिकते. आणि खेळ, गाणे, हावभाव ही तीन निरनिराळी कामे नसून मुलाच्या दृष्टीने एकच काम आहे. १८४४ मध्ये त्याने आयांसाठी खेळगाण्यांचे पुस्तक काढले. त्यात सुतार आहे, चाके घडवणारा आहे, पाव भाजणारा आहे. प्रत्येकासाठी गाणे आणि प्रत्येक गाण्यासाठी बोटांचा खेळ. अमेरिकेत या शाळांचे पेव फुटले तेव्हा एमिली पोलसन हिचे बोटांच्या खेळांचे पुस्तक आणि लुईव्हिलच्या हिल भगिनींचे किंडरगार्टनच्या गाण्यांचे पुस्तक, ही दोन्ही १८९३ मध्ये निघाली. हिल भगिनींच्या त्या पुस्तकातल्या सकाळच्या अभिवादनाच्या गाण्याची चाल आज घरोघर वाढदिवसाला म्हटली जाते, हे फार थोड्यांना माहीत असते.

किंडरगार्टन म्हणजे प्रथम जमिनीवरचे वर्तुळ. त्या काळच्या मराठी शाळेत मुले रांगेत बसत, पुढे पंतोजी, हाती छडी. वर्तुळात पुढचा आणि मागचा नसतो. बाईही त्याच वर्तुळात मांडी घालून बसते. सोलापुरासारख्या गावात, जिथे कोणी कोणाशेजारी बसायचे हे जन्माने ठरलेले, तिथे चार वर्षांच्या मुलांनी एकमेकांचे हात धरून गोल फिरणे ही काय चीज होती, याचा आज अंदाज येणे कठीण. फ्रोबेलचे पहिले साहित्य म्हणजे लोकरीने विणलेले सहा रंगांचे सहा चेंडू. सूत, रंग आणि धोटा यांच्यात वाढणाऱ्या सोलापूरच्या मुलांना त्यांत नवखे असे काही नव्हते.

आता या वर्तुळात धर्मगीत कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. चर्चमध्ये गीत म्हणताना मूल उभे राहते, हात जोडते, डोळे मिटते. वर्तुळात तेच मूल गाता गाता पाखरू होते, दोन्ही हात पसरते. पेरणारा होते, मुठीतून बी टाकत चालते. गालील समुद्रावरची नाव होते आणि शेजाऱ्याचे हात धरून पुढे-मागे डोलते. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, वादळ शांत करणारा येशू, या गोष्टी अशा रीतीने अंगात भिनतात. मराठी भाषेला हे परके नव्हतेच. भोंडल्याची गाणी, फुगड्या, पिंगा, बडबडगीते, सगळीकडे आपल्याकडे गाणे हातापायांनीच म्हटले जाते. किंडरगार्टनने आपल्या मुलांना अभिनय दिला नाही. चर्चच्या दारात जो अभिनय बाहेर राहत असे त्याला आत घेतले. मराठी ख्रिस्ती बालगीताच्या वाटचालीत हा बदल छंदाच्या बदलाइतकाच मोलाचा आहे.

या वर्गातून तयार झालेल्या मराठी शिक्षिका नोकरीवर गेल्या तिथे तिथे वर्तुळही घेऊन गेल्या. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत बालशिक्षणाची जी चळवळ उभारली ती निराळ्या, माँतेसरीच्या वाटेने आली. तिचे ऋण फार मोठे. पण मराठी मुलाला गाण्यातून शिकवणाऱ्या बाया सोलापुरात त्याच्याही आधी काम करत होत्या, ही नोंद बालशिक्षणाच्या इतिहासात यायला हवी. मेरी हार्डिंग यांच्या नावाची शाळा सोलापुरात आजही आहे.

या इतिहासाची एक बाजू सरळ नाही, तीही सांगितली पाहिजे. सोलापुरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली सेटलमेंट होती. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून कुंपणाआड ठेवणारा हा कायदा १८७१ चा. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली अशा वसाहती चालल्या. सोलापूरच्या वसाहतीचे काही काम अमेरिकन मिशनकडे सोपवले गेले. तिथेही शाळा होती, आणि मिशनची शाळा म्हटली की प्रार्थना आणि गायन आलेच. बाहेर जायला हजेरी आणि परवाना लागणाऱ्या आईबापांची मुले तिथे देवाच्या प्रेमाची गाणी शिकली. त्या शिक्षकांची माया खोटी नव्हती, आणि कुंपणही खोटे नव्हते. दोन्ही एकाच आवारात होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि कुंपण गेले. सोलापुरात त्या भागाला सेटलमेंट हे नाव मात्र चिकटून राहिले.

मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. मिशनरी परत गेले. गीतपुस्तक राहिले. रंगभवनजवळच्या फर्स्ट चर्चसारख्या मंडळ्यांत पेटी-तबल्याशेजारी कीबोर्ड आणि गिटार आले. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा भरते, तिथे मुले हिंदी-इंग्रजी ॲक्शन साँग्ज म्हणतात, मोबाइलवरचा ट्रॅक लावून. मुले आनंदाने गातात आणि कोणाच्या आनंदात खोट काढण्याचे कारण नाही. मात्र टिळकांची गीते आता मुलांच्या तासातून उठून आजी-आजोबांच्या प्रार्थनासभेत जाऊन बसली आहेत, आणि याचे वाईट वाटते. हातपाय हलवत म्हणायचे गाणे विलायतेतून आणायलाच हवे असे नाही. अभंगाच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत, पाऊल टाकत गाता येते. वारकऱ्यांच्या दिंडीतली मुले दरवर्षी सोलापूर जिल्ह्यातूनच पावली खेळत पंढरीला जातात. मंडळ्यांतल्या तरुण शिक्षकांनी एकदा तरी टिळकांचे एखादे पद घेऊन मुलांना वर्तुळात उभे करून पाहावे.

आणखी एक काम आहे आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. आपल्या गीतपुस्तकांत शब्द छापतात; चालीपुरते कधी रागाचे नाव असते, कधी दुसऱ्या गाण्याचा हवाला. ज्या गाण्याचा हवाला दिला ते गाणेच विसरले गेले की चालही गेली. या चाली आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बायांच्या गळ्यात आहेत: वसतिगृहात वाढलेल्या, किंडरगार्टनचा वर्ग केलेल्या, खेड्यातल्या शाळांत नोकरी केलेल्या. सोलापूर, बार्शी, नगर, वडाळा, राहुरी, जिथे कुठे अशी आजी असेल तिथे तिच्या नातवंडांनी मोबाइल तिच्यासमोर ठेवावा आणि तिला लहानपणीची गाणी म्हणायला सांगावे. कडवे अर्धे आठवले तरी चालेल. कोणाच्या ट्रंकेत ‘बालबोधमेव्या’चे जुने अंक किंवा शब्बाथशाळेची गीतांची पुस्तिका असेल तर ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा आपल्या मंडळीच्या कार्यालयाकडे द्यावी, आणि देण्याआधी तिच्या पानापानाचे फोटो काढून ठेवावेत.